घड्याळ सहा तासांचं: नोकरी करणाऱ्या किशोरवयीन मुलांविषयी वाचकांचे प्रश्न

दहावीचा निकाल लागतो आणि अकरावीचं कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश असतो. तेवढ्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: ‘मालक म्हणतात, तास फ्लेक्सिबल आहेत.’ हे फ्लेक्सिबल कुणाच्या सोयीचं, याचा उलगडा पत्र पूर्ण वाचल्यावर होतो. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

आधी दोन व्याख्या. १४ वर्षं पूर्ण न झालेलं ते बालक. १४ पूर्ण झालेला, पण १८ पूर्ण न झालेला तो किशोरवयीन. मूळ कायदा १९८६ चा. १ सप्टेंबर २०१६ पासून त्यात मोठी दुरुस्ती लागू झाली आणि त्याचं नाव बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम असं झालं. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा ‘आता जुने सगळे कायदे गेले’ असं बऱ्याच दुकानदारांनी धरून टाकलं. हा कायदा गेलेला नाही. तो संहितांबाहेर, स्वतंत्र आहे.

प्रश्न: माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, अकरावीत आहे. कापडाच्या दुकानात काम मिळतंय. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८, मधले चार तास मोकळे. मालक म्हणतात, दुपारी अभ्यास करू दे, एकूण सहाच तास होतात. हे नियमात बसतं का? (एक आई, सांगली)

नाही बसत, आणि दोन कारणांनी.

पहिलं कारण आठ वाजता सुटण्याचं. किशोरवयीन मुलाला संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात कामावर ठेवता येत नाही. दुसरं कारण लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. कायदा फक्त कामाचे तास मोजत नाही. कामावर पाऊल ठेवल्यापासून शेवटचा सुटेपर्यंतचा सगळा पसारा मोजतो, आणि तो विश्रांतीसकट सहा तासांच्या वर जाता कामा नये. आपल्या मुलाचा पसारा सकाळी १० ते रात्री ८, म्हणजे दहा तास. मधले चार तास ‘मोकळे’ म्हटले तरी ते वजा होत नाहीत. दुपारी १ ते ४ शटर ओढणाऱ्या गावांत ही चूक जवळजवळ प्रत्येक दुकानात होते. १० ते १ आणि ४ ते ७ अशी पाळी लावली तर सातचा नियम पाळला जातो, पण पसारा नऊ तासांचा होतो. म्हणजे तीही चालत नाही.

त्याशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. तीन तास झाले की पुढचं काम सुरू होण्याआधी किमान एक तास विश्रांती द्यायची. पंधरा मिनिटांचा चहा म्हणजे हा तास नव्हे. आता गणित करा: सहा तासांचा पसारा, त्यातला एक तास विश्रांती. उरलं दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी सक्तीची. म्हणजे आठवड्याला ३० तास. ओव्हरटाइम मुळीच नाही, मुलगा स्वतः ‘करतो’ म्हणाला तरी नाही.

मुलाचं कॉलेज सकाळचं असेल तर एकच सोयीची पाळी निघते. कॉलेजहून येऊन आधी जेवायचं, १ ला दुकानात हजर, ४ पर्यंत काम, ४ ते ५ विश्रांती, ५ ते ७ काम. जेवण आधी उरकायचं ते यासाठी की विश्रांतीचा तास चार वाजता पडतो, जेवणाच्या वेळी नाही. कॉलेज दुपारचं असेल तर सकाळी ८ ते ११ एवढी तीनच तासांची खिडकी उरते. कापडाचं दुकान त्या वेळी जेमतेम उघडतं, मग कामाचे दिवस म्हणजे कॉलेजच्या सुट्ट्याच. त्या दिवशी १० ते १, तासभर जेवण, मग २ ते ४ अशी आखणी छान बसते. फक्त आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा हवा.

आणखी एक. ‘गिऱ्हाईक नाही, जरा गोदामात बसून राहा’ ही बसण्याची वेळसुद्धा सहा तासांत धरली जाते. कायद्यात कामाची वाट पाहण्याचा वेळ स्पष्ट शब्दांत मोजलेला आहे. लग्नसराईतल्या मंगळवारी गर्दी नसते म्हणून मुलाला दुपारी घरी पाठवून सहाला परत बोलावणं याच कलमावर आपटतं.

मालकांशी बोलताना कायद्याचं पुस्तक नेऊ नका. कागदावर ‘१ ते ४, ५ ते ७, सुट्टी सोमवार’ एवढं लिहून त्यावर त्यांची सही घ्या. बहुतेकांना सहा तासांचा पसारा ही गोष्टच ठाऊक नसते.

प्रश्न: माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. जून-जुलैत गर्दी असते, तेव्हा १५-१६ वर्षांची दोन मुलं हाताखाली घेतो. दुकानात एकूण चारच माणसं. मला काही नोंदणी लागते का? कुणी म्हणतं, दहाच्या आत असलो की काही नको. (दुकानदार, लातूर)

दहाचा आकडा महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातून लोकांच्या डोक्यात बसला आहे. किशोरवयीन मुलांच्या कायद्यात माणसं किती, हा प्रश्नच नाही. बाहेरचं एक पोरगं ठेवलं तरी पुढचं सगळं लागू.

मूल कामावर घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत भागातल्या निरीक्षकाला लेखी कळवायचं. व्यवहारात हे पत्र सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी यांच्या कार्यालयात जातं. त्यात दुकानाचं नाव आणि ठिकाण, प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्याचं नाव, पत्रव्यवहाराचा पत्ता आणि कामाचं स्वरूप, एवढंच. दोन प्रती करा, एकीवर पोच शिक्का घ्या. तपासणीच्या दिवशी कामाला येतो तो हा शिक्का.

मग रजिस्टर. मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाची वेळ, विश्रांतीची वेळ, कामाचं स्वरूप. साधी आखीव वही चालते, पण नोंद रोजच्या रोज हवी. एका ओळीत असं दिसलं पाहिजे: ‘१२ जून, आला १.००, विश्रांती ४.०० ते ५.००, सुटला ७.००, काम पुस्तकांची कव्हरं घालणे व काउंटर.’ शनिवारी बसून अख्खा आठवडा भरलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं. एकच पेन, एकसारखं अक्षर आणि रोज मिनिटाला मिनिट तीच वेळ. निरीक्षक मुलाला बाजूला घेऊन ‘काल किती वाजता सुटलास?’ एवढंच विचारतो, आणि ‘साडेआठ’ असं उत्तर आलं की वहीचा उपयोग उलटा होतो.

भिंतीवर दोन गोष्टी लावायच्या. एक, कायद्यातल्या बंदीच्या आणि शिक्षेच्या कलमांचा गोषवारा, मराठीत आणि इंग्रजीत. दुसरी, साप्ताहिक सुट्टीचा दिवस. हा दिवस तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. ‘या आठवड्यात सोमवारऐवजी गुरुवारी घे’ असं दर आठवड्याला सांगता येत नाही. जूनच्या हंगामात सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच.

वयाचा पुरावा म्हणून आधार, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला यांची प्रत फाइलला लावा. एकावर भागवू नका, दोन ताडून पाहा. आपल्याकडे गुरुजींनी अंदाजाने घातलेल्या १ जूनच्या जन्मतारखा अजून पुष्कळ आहेत. एका कागदावर १ जून आणि दुसऱ्यावर ऑक्टोबर निघाला, तर मूल १४ पूर्ण आहे की नाही हे त्या चार महिन्यांवर ठरतं. वयाचा दाखलाच नसेल आणि वाद झाला, तर ठरवून दिलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुमचा अंदाज किंवा मुलाची मिशी पुरावा होत नाही.

पत्र, रजिस्टर, वेळ, सुट्टी यांतली चूक म्हणजे एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १४ च्या आतलं मूल ठेवलं, किंवा १४ ते १८ मधल्याला धोकादायक कामावर लावलं, तर प्रकरण वेगळ्या पायरीवर जातं: सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तो दखलपात्र गुन्हा आहे, पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. परत तेच केलं तर एक ते तीन वर्षं.

प्रश्न: माझी पेपरची एजन्सी आहे. पहाटे साडेपाच ते सात अशी लाइन टाकायला कॉलेजची मुलं येतात. वर्षानुवर्षं हे चालत आलंय. आता कुणीतरी सांगितलं की सोळा-सतरा वर्षांची मुलं ठेवता येणार नाहीत. खरं आहे का? (वृत्तपत्र विक्रेता, नाशिक)

खरं आहे. सकाळी आठच्या आत काम नाही, आणि पेपर आठनंतर टाकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी लाइन बंद करतं. एजन्सी म्हणजे आस्थापना, आणि मुलगा तुमच्या यादीप्रमाणे, तुमच्याकडून पैसे घेऊन टाकत असेल तर तो तुमचा कामगार. अब्दुल कलामांनी लहानपणी पेपर टाकले हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते या कायद्याच्या कितीतरी आधीचं. दुधाच्या पहाटेच्या रतिबालाही हेच लागू.

काही मुलं पहाटे पेपर टाकून दुपारी दुसऱ्या दुकानात जातात. पहाटेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एकाच दिवशी दोन आस्थापनांत काम करायला बंदी आहे, आणि ती दोन्ही मालकांना लागू होते. म्हणून दुपारच्या दुकानदारानं कामावर घेताना ‘सकाळी कुठे जातोस?’ हे विचारून ठेवावं.

लाइनसाठी १८ पूर्ण झालेली मुलं घ्या. धाकट्यांना ठेवायचंच असेल तर वसुली आणि बिलं वाटणं हे काम आठनंतरचं आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यालाच माणूस कमी पडतो.

प्रश्न: मी १७ वर्षांचा आहे. मोबाइलच्या दुकानात पाच महिने काम केलं. पगार ८,००० रुपये. उशीर झाला की ५० रुपये दंड. एका गिऱ्हाईकाच्या फोनची काच माझ्या हातून तडकली, तर १,५०० कापले. सुरुवातीला एक वर्षाचा बाँड लिहून घेतला आणि दहावीची ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली. आता सोडायचं आहे, तर म्हणतात बाँड मोडल्याचे २०,००० भर. (विद्यार्थी, नागपूर)

आधी बाँड. तू अज्ञान आहेस, म्हणजे १८ पूर्ण नाहीस, आणि अज्ञान व्यक्तीनं केलेला करार मुळातच रद्द असतो. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वात वरच्या न्यायालयानं, १९०३ मध्ये मोहोरीबीबीच्या खटल्यात हे सांगितलं, तेव्हापासून त्यात बदल नाही. त्यामुळे २०,००० भरायचे नाहीत. वडिलांची सही ‘साक्षीदार’ म्हणून असेल तर घाबरू नका. ‘हमीदार’ म्हणून असेल तर मात्र तो कागद वकिलाला दाखवा.

पण करार रद्द म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडतो असं नाही. वेतन संहितेप्रमाणे (वरच्या चार संहितांपैकी एक) नोकरी सोडल्यावर किंवा काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता व्हायला हवा. चालू नोकरीत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत.

दंडाचं असं आहे. कोणत्या चुकीला दंड, हे आधी मंजूर करून घेऊन लावलेल्या सूचनेत असावं लागतं, बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि त्या पगारकाळातला एकूण दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जात नाही. ८,००० वर ते २४० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलाला तर दंडच करता येत नाही. उशिराबद्दल जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याचेच पैसे कापता येतात. दहा मिनिटांना ५० रुपये हा दंडच, नाव काहीही द्या. काचेचं नुकसान कापायचं तर ते तुझ्या हयगयीमुळे झालं हे दाखवावं लागतं आणि तुझं म्हणणं आधी ऐकावं लागतं. गिऱ्हाईकाच्या फोनची काच आधीच कोपऱ्यात तडकलेली होती का? फोन घेतानाचा फोटो किंवा जॉबशीट असेल तर त्याची प्रत आत्ताच काढून ठेव, नंतर मिळणार नाही.

मार्कशीट. मूळ कागद ओलीस ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरी ती मिळेपर्यंत अडून बसू नकोस. डिजिलॉकरवर तुझी गुणपत्रिका आहे का पाहा, आणि विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. कागद हातात आला की मालकाचं निम्मं बळ जातं.

आता सोडण्याची पद्धत. ‘अमुक तारखेपासून काम सोडत आहे, बाकी पगार आणि मूळ गुणपत्रिका द्यावी’ असा चार ओळींचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, निळ्या टिकांचा स्क्रीनशॉट ठेव. पाच महिन्यांच्या हजेरीचा जो पुरावा असेल, म्हणजे दुकानातल्या ग्रुपवरचे मेसेज, यूपीआयचे पैसे, पाळीचे फोटो, तो एका फोल्डरमध्ये टाक. मग आई किंवा वडिलांना घेऊन कामगार कार्यालयात अर्ज दे. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, पण पुरावा तीन महिन्यांतच विरतो.

जाता जाता किमान वेतनाचा हिशेबही कर. राज्यात दुकानांसाठी परिमंडळ (म्हणजे दरांसाठी पाडलेला विभाग) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गाप्रमाणे दर असतात, आणि महागाईप्रमाणे ठरणारा विशेष भत्ता जानेवारीत व जुलैत बदलतो. अर्धवेळ काम असेल तर रोजच्या दराला आठने भागायचं आणि त्यावर १५ टक्के वाढवायचे. समजा रोजचा दर ५२० निघाला: ५२० भागिले ८ म्हणजे ६५, त्यावर १५ टक्के, म्हणजे तासाला ७४ रुपये ७५ पैसे. पाच तासांचे ३७३ रुपये ७५ पैसे. महिन्याचे २६ दिवस धरले तर ९,७१७ रुपये ५० पैसे. आकडा उदाहरणाचा आहे, तुझ्या परिमंडळाचा चालू दर कामगार कार्यालयात विचार आणि ८,००० शी ताडून बघ.

प्रश्न: भाची १७ वर्षांची आहे. डिसेंबरात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये ऑर्डर घ्यायचं काम मिळतंय. दारूला हात लावायचा नाही, फक्त जेवणाची ऑर्डर, असं मालक म्हणतो. (एक मामा, म्हापसा)

मालकाचा हेतू चांगला असेल, पण शॅकमध्ये जेवणाचं टेबल आणि बिअरचं टेबल वेगळं नसतं. कायदा केंद्राचा आहे, तो गोव्यातही तसाच. २०१७ मध्ये सुधारलेल्या धोकादायक कामांच्या यादीत बार, पब आणि मद्य दिलं जातं अशा पार्ट्या व तत्सम प्रसंगांतलं काम १८ खालच्यांसाठी बंद आहे. त्यात सात वाजताचा प्रश्न आहेच, आणि शॅकचा खरा धंदा सूर्य बुडाल्यावर. भाचीला बेकरीत, पुस्तकांच्या दुकानात किंवा होमस्टेच्या सकाळच्या कामात बघा.

लग्नाच्या केटरिंगलाही हाच चष्मा लावायचा. दुपारच्या पंगतीत वाढपी म्हणून १६ वर्षांचा मुलगा चालेल, पण ९ ते ३ हा पसारा आणि मधला विश्रांतीचा तास सांभाळून. रिसेप्शनला नाही.

प्रश्न: किराणा दुकानात १६ वर्षांचा मुलगा घरपोच सामान देतो. माझी अ‍ॅक्टिव्हा त्याला देतो, गियर नाही म्हणून चालतं ना? (किराणा दुकानदार, कोल्हापूर)

गियरचा गैरसमज जुना आहे. १६ व्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी असतं, आणि अ‍ॅक्टिव्हा त्याच्या दुपटीहून मोठी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लर्निंग लायसन्सही मिळत नाही. वीस रुपयांच्या कोथिंबिरीसाठी त्याची नऊ वर्षं जातात. विमा कंपनीशी होणारा वाद वेगळाच.

सायकल द्या, पुढे टोपली, मागे कॅरिअर. ब्रेकची रबरं आणि घंटी दर महिन्याला बघा. तांदळाची पोती त्यावरून पाठवू नका, ती तुम्ही स्वतः गाडीवरून टाका.

प्रश्न: नातू १२ वर्षांचा. द्राक्षाच्या हंगामात बागेत मदतीला येतो. घरचंच काम आहे, यात कायदा कुठे आला? (एक आजोबा, निफाड)

आजोबा, इथे कायद्यानं घरच्या मदतीला जागा ठेवली आहे, पण घर कुणाचं याची यादी दिली आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. यादीत आजी-आजोबा नाहीत. मावशीचे यजमान आपण काका म्हणून हाक मारतो, पण कायद्याचे काका म्हणजे वडिलांचे भाऊच. बाग मुलाच्या वडिलांच्या किंवा सख्ख्या काकाच्या ताब्यात असेल तर मदत चालते. सातबारा एकट्या तुमच्या नावावर आणि कारभारही तुमचा, तर प्रश्न उभा राहतो. बहुतेक घरांत वडील-काका बाग कसतातच, तेव्हा तो तपशील नीट असू द्या.

मदतीलाही हद्दी आहेत. शाळेच्या वेळात नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ नाही, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मोठ्या माणसाच्या जागी मूल उभं करायचं नाही. मजूर मिळाला नाही म्हणून नातू, हे चालणार नाही. आता हंगाम बघा: काढणी फेब्रुवारी-मार्चची, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत, आणि पाठोपाठ परीक्षा. मे महिन्यात शाळा नसते, तेव्हा खरड छाटणीनंतरच्या वेलीवरचे फुटवे काढायला नातवाला सकाळी तीन तास न्या, हरकत नाही. ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि कडबाकुट्टी जिथे चालते तिथलं काम १४ च्या आतल्या मुलांना घरच्या शेतातही बंद आहे. कडबाकुट्टीत गेलेली बोटं जुळत नाहीत, म्हणून ती यादीत आहे. फवारणी चालू असताना तर मुलाला बांधावरही थांबू देऊ नका. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, त्याची बादली मुलाच्या हाती कधीच नाही.

थोडक्यात

*दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल, मुलगा १७ चा, घरचाच.* नाही. फटाक्यांचं उत्पादन, साठवण आणि विक्री तिन्ही धोकादायक यादीत आहेत. आकाशकंदिलांचा आणि पणत्यांचा स्टॉल चालेल, सातपर्यंत.

*गॅरेजमध्ये शिकायला ठेवायचं आहे, वय १५.* पंक्चर, नट-बोल्ट, धुलाई, हिशेब, इथपर्यंत. वेल्डिंग, स्प्रे पेंटिंग, थिनर आणि पेट्रोलची टाकी यांपासून लांब. खरंच धंदा शिकायचा असेल तर आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारी बघा. १४ पूर्ण झाल्यावर ती करता येते, धोकादायक व्यवसायांत १८ लागतात, आणि अज्ञान मुलाच्या करारावर पालकाची सही असते.

*मुलगी ११ वर्षांची, मालिकेत काम मिळालं आहे.* दिवसाला पाच तास, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावे मुदतठेव. पहिला चेक येण्याआधी ठेवीची पावती कोण आणि केव्हा देणार, ते लिहून घ्या.

*मुलगा १६ चा, घरी बसून लोकांचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री बारापर्यंत.* स्वतःचं स्वतंत्र काम असेल तर आस्थापनेचे तास लागू होत नाहीत, झोपेचे तास तुम्ही ठरवा. पण एखाद्या स्टुडिओनं पाळी आणि पगार ठरवून ठेवलं असेल, तर घरी बसला तरी सहा तास आणि सातची वेळ धरून चला. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येणारं बचत खातं उघडता येतं, बँक त्यावर मर्यादा घालू शकते. आणि स्वतःच्या कौशल्याची कमाई आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवली जात नाही, ती मुलाची स्वतंत्र धरतात. व्याजाचं मात्र तसं नाही.

प्रश्न: मुलगी १५ ची, नववीत शाळा सुटली. शिवणाच्या युनिटमध्ये जाते. दहावी करायची आहे. काम आणि अभ्यास एकत्र कसं बसवायचं? (एक वडील, भिवंडी)

दोन वाटा आहेत. जवळ रात्रशाळा असेल तर ती आधी बघा, कारण तिथे रोज शिक्षक समोर असतात. वर्ग संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास भरतात, म्हणून कामाची पाळी १२ ते ६ अशी मागा: १२ ते ३, ३ ते ४ विश्रांती, ४ ते ६. युनिट नाही म्हणालं तर ११ ते ५. सातपर्यंतची पाळी कायद्यात बसते, पण पहिल्या दोन तासिका रोज बुडतात आणि दिवाळीपर्यंत मुलगी वर्ग सोडते.

दुसरी वाट १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा. तो राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा, संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची, मूळ शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतात. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. गडबड होते ती तारखेची. परीक्षा मार्चमध्ये असली तरी हा फॉर्म कितीतरी महिने आधी निघतो, आणि लोक जानेवारीत विचारायला येतात. जूनपासून मंडळाच्या सूचना बघत राहा.

परीक्षेच्या तीन आठवड्यांची रजा आत्ताच लेखी ठरवून घ्या. आणि युनिटमध्ये मुलगी नक्की काय करते, ते एकदा स्वतः जाऊन बघा. धागे कापणं, घड्या घालणं, बटणं लावणं हे वेगळं, आणि डाग काढायच्या रसायनांजवळ किंवा बॉयलरच्या वाफेशेजारी उभं राहणं वेगळं.

प्रश्न: तक्रार करायची तर कुठे? आणि मुलाला १८ पूर्ण झाली की दुसऱ्या दिवसापासून हे सगळं संपतं का? (एक वाचक, ठाणे)

मूल लहान असेल किंवा धोकादायक कामावर असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तो चोवीस तास चालतो. बालमजुरीच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्राच्या पेन्सिल पोर्टलवर ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. ते २६ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. तास, सुट्टी, पगार यांची तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात. फोनवर पत्ता सांगताना दुकानाच्या नावाबरोबर खूण सांगा, मूल कोणत्या वेळी तिथे दिसतं ते सांगा. ‘बाजारात एक हॉटेल आहे’ एवढ्यावर पथक रिकामं परत येतं.

१८ पूर्ण झाल्यावर हा कायदा सुटतो आणि प्रौढ कामगारांचे नियम लागू होतात. पण पाळी त्या दिवशी आपोआप बदलत नाही. मालकानं किशोरवयीनांच्या रजिस्टरात शेवटची तारीख घालून नाव बंद करायचं, हजेरीपटावर नवीन नोंद करायची आणि नवे तास व पगार लेखी द्यायचे. वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात साडेआठपर्यंत थांबवलं असेल, तर तो गुन्हा वाढदिवसानंतरही गुन्हाच राहतो.